उचललेलं ठेवायचं कुठे

सून पैसे भरून वजन उचलायला जाते, हे कळलं त्या दिवशी इंजिनबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

"म्हणजे ते तुला पैसे देत नाहीत?"

"नाही हो आई. जिमची फी असते. आपण भरायची."

"बरं. आणि उचललेलं नेतेस कुठे?"

"कुठेच नाही. उचलायचं आणि परत तिथेच ठेवायचं."

इंजिनबाईंनी डोळे पुसले आणि आत जाऊन मुलाला म्हणाल्या, "बाबा रे, तुझी निवड पसंत आहे मला. एवढी येडी शोधायची म्हणजे कष्ट पडले असणार."

आता हसायचा अधिकार त्यांना होता, हे कबूल केलं पाहिजे. चौतीस वर्षं त्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत होत्या. लाँड्री तळघरात आणि वाळत घालायची जागा गच्चीवर, असा तो कोणा दिवट्याने काढलेला नकाशा. मध्ये पाच जिने. इमारतीला लिफ्ट होती, पण ती रुग्णांसाठी आणि डॉक्टरांसाठी. ओल्या चादरी रुग्णही नाहीत आणि डॉक्टरही नाहीत, त्यामुळे त्या जिन्याने जायच्या, म्हणजे इंजिनबाईंच्या हातातून जायच्या. टोपली पन्नास किलोच्या खाली कधी भरली नाही. बाकीच्या बायका दोघी-दोघी मिळून एक टोपली न्यायच्या, इंजिनबाई एकट्या न्यायच्या आणि वर जाताना तोंडाने डॉक्टरांच्या नकलाही करायच्या. इंजिन हे नाव तिथलंच. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर असायचं आणि तिथेही ते चुकीचं लिहिलेलं असायचं.

तळघराच्या एका बाजूला काचेची खोली होती आणि त्या काचेमागे साहेब बसायचा. दर काही वर्षांनी साहेब बदलायचा, पण सवय बदलायची नाही. हातात टोपली घेऊन कोणी क्षणभर जरी थांबली, तरी तो पेनाने काचेवर ठकठक करायचा आणि ओरडायचा, "का उभी?" एका महिन्यात तीनदा ठकठक झाली की अर्ध्या दिवसाचा पगार गेला. मग त्यावर वाद नाही, रडगाणं नाही. इंजिनबाईंचा पगार एकदाच गेला, पहिल्या महिन्यात. त्यानंतर त्यांच्या अंगात असं काही भिनलं की हातात ओझं आलं की पाय आपोआप चालू लागायचे.

घरीही तेच. भरलेली बादली हातात असली की त्यांच्याशी उभ्याने बोलता यायचं नाही, मागे मागे चालत बोलावं लागायचं. नवऱ्याने बिचाऱ्याने अर्धा संसार असाच मागून चालत केला. तो गेला त्या दिवशी भेटायला आलेल्या लोकांना इंजिनबाई खुर्च्या आणून देत होत्या. एका बाईने त्यांना धरून बसवलं तेव्हा कुठे त्यांना रडू आलं.

असो. तर सून.

सून फरशीच्या दुकानात कामाला होती. दिवसभर फरशांचे खोके गाडीत चढवायचे आणि संध्याकाळी जिममध्ये जाऊन परत तेच, फक्त लोखंडाचं. वजन त्र्याण्णव किलो, खांदे असे की कपाटामागचं बटण दाबायला कपाटच सरकवायची. स्वभावाने मात्र गरीब गाय. सासूने दिवसभर टोमणे मारावेत आणि हिने संध्याकाळी त्यांच्या पायांना तेल लावावं. त्यामुळे टोमण्यांची मजाच जायची, ही इंजिनबाईंची कायमची तक्रार.

सुनेचा खेळ एकाच प्रकारचा. दांडी जमिनीवर असते, ती दोन्ही हातांनी धरून मांड्यांपर्यंत उचलायची आणि ताठ उभं राहायचं. समोर एक आणि बाजूला दोन असे तीन पंच. समोरच्याने हात खाली केला की ठेवायची. प्रत्येकीला तीन संधी. "एवढंच?" असं इंजिनबाईंनी विचारलं होतं, आणि सुनेने "एवढंच" म्हटल्यावर त्यांनी पुन्हा ठसका लागेपर्यंत हसून घेतलं होतं.

दोन वर्षं लागोपाठ सून आपल्या गटात पहिली आली. गट चौऱ्याऐंशी किलोच्या वरच्या बायकांचा. पहिली येणं अवघड नव्हतं, कारण गटात ती एकटीच होती. तिने पदक आणलं की इंजिनबाई विचारायच्या, "आज कोणाला हरवलंस? आरशाला?"

पण गंमत इथेच संपायची. पहिल्या येणाऱ्या बाईला क्रीडा मंडळ वर्षभर मानधन द्यायचं. जिमची फी, खुराक, प्रवास, आणि वर घराला हातभार लागेल एवढं. फक्त अट अशी की गटात निदान तीन स्पर्धक हवेत आणि तिघींचीही निदान एक उचल पंचांनी मान्य केलेली हवी. पुरुषांच्या प्रत्येक गटात पंधरा-सोळा जण असायचे, त्यामुळे ही अट त्यांच्यापैकी कोणाला माहीतसुद्धा नव्हती. बायकांना मात्र ती तोंडपाठ होती. एवढ्या वजनाची बाई आपलं वजन चारचौघांत जाहीर करायला तयार होत नाही, आणि झालीच तर घरचे होऊ देत नाहीत. त्यामुळे दोन वर्षं सुनेला पदक मिळालं आणि मानधनाच्या नावाने ठणठणाट.

या वर्षी मात्र तिघी जमल्या होत्या. सून, एक बसड्रायव्हर बाई आणि एका शाळेतली खेळाची शिक्षिका. सून महिनाभर हवेत होती. आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी शिक्षिकेचा फोन आला. तिने कुठलंसं डाएट केलं होतं आणि आता ती एक्याऐंशी किलोची झाली होती. गट बदलला. ती आनंदात होती, वर सुनेलाही ते डाएट करून बघ म्हणाली.

सुनेने फोन ठेवला. ओरडली नाही, रडली नाही. नवऱ्याला एवढंच म्हणाली, "दुकानात दुसरी शिफ्ट देतायत. उद्यापासून घेते. आता जिम बंद." नवरा वायरमन, कामाला चोख आणि बोलायला शून्य. त्याने मान हलवली आणि पाठ फिरवून डोळे पुसले.

थोड्या वेळाने इंजिनबाई स्वयंपाकघरात गेल्या तर सून ओट्यापाशी उभी होती. गॅस बंद, हात रिकामे, नजर भिंतीवर. इंजिनबाईंच्या तोंडावर आलं होतं, "का उभी?" पण ते शब्द त्यांनी तसेच गिळले. हे आपण कोणाच्या आवाजात बोलणार होतो, ते त्यांना ऐकू आलं होतं. दोन वर्षं आपण हिला हसलो, आणि ही मुकाट्याने आपल्याला तेल लावत राहिली.

"काय गं," त्या म्हणाल्या, "त्या गटात बाई फक्त वजनाची लागते, की डोक्यानेही बरी लागते?"

"म्हणजे?"

"म्हणजे अर्ज बंद झालेत का अजून उघडे आहेत?"

"सहा वाजेपर्यंत आहेत. पण आई, तुम्ही..."

"माझं नाव घाल."

आत वायर सोलत बसलेल्या मुलाच्या हातून पक्कड पडली. "आई, तू एकसष्ट वर्षांची आहेस!"

"मग? गट वयाचा आहे का वजनाचा? तू वायरी सोल."

डॉक्टरचं पत्र लागणार होतं. इंजिनबाईंनी सरळ जुनं हॉस्पिटल गाठलं आणि ज्या डॉक्टरचे कोट वीस वर्षं धुतले त्याला पकडलं. त्याने छाती तपासली, रक्तदाब पाहिला, पाठ वाकवून बघितली आणि म्हणाला, "माझ्यापेक्षा बरं चाललंय तुमचं." अर्ज सहाला सात मिनिटं असताना पोचला.

रात्रीच्या जेवणाआधी सुनेने त्यांना शिकवायला घेतलं. दांडी म्हणून पाण्याची बादली. "आई, उचलायची, ताठ उभं राहायचं, समोरच्या पंचाचा हात खाली आला आणि तो 'डाउन' म्हणाला की मगच ठेवायची." इंजिनबाईंनी बादली उचलली आणि नेऊन बाथरूममध्ये ठेवली. "अहो, न्यायची नाही!" "कळलं गं. तू मला उचलायला शिकवतेस? मला?" विषय तिथेच संपला. दोघींचीही चूक झाली, सुनेची जरा जास्त, कारण तिला माहीत होतं सासू ऐकत नाही.

खरी पंचाईत सकाळी उघड झाली. घरच्या काट्यावर इंजिनबाई ब्याऐंशी किलो तीनशे भरल्या. हव्या होत्या चौऱ्याऐंशीच्या वर.

"एवढी वर्षं जाडी जाडी म्हणून हिणवलं मेल्यांनी," इंजिनबाई म्हणाल्या, "आणि ऐन वेळी दोन किलो कमी!"

स्पर्धेच्या हॉलबाहेर वजन करायची रांग लागली होती. रांगेतल्या सगळ्या पोरी सुकून गेलेल्या. कोणी दोन स्वेटर घालून घाम काढतेय, कोणी बाटलीत थुंकतेय, कोणी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही. सगळ्यांना शंभर-दोनशे ग्रॅम कमी व्हायचं होतं. आणि त्यांच्या मधोमध इंजिनबाई केळी खात उभ्या. एक झालं की दुसरं. मध्ये मध्ये पाणी. लिटरची बाटली घशाखाली ओतून त्यांनी दुसरी उघडली, तेव्हा पुढची एक उपाशी पोरगी कळवळून म्हणाली, "मावशी, प्लीज तिकडे तोंड करून खा ना."

"खाते गं बाई. मला काय हौस आहे?"

तोवर वजन करणारी बाई चहाला निघून गेली. एक तास आली नाही. तो तास इंजिनबाईंनी कसा काढला हे त्यांनाच माहीत. पाय जुळवून, डोळे मिटून, त्या लाँड्रीतल्या सगळ्या साहेबांना क्रमाने शिव्या देत होत्या. सून बाजूला उभी राहून "आई, थोडंच, थोडंच" करत होती. "थोडंच काय? आता एक जरी विनोद केलास तर मानधन वाहून जाईल," असं त्यांनी दात आवळून सांगितलं.

शेवटी ती बाई परतली आणि इंजिनबाई काट्यावर चढल्या. चौऱ्याऐंशी किलो, एकशे पन्नास ग्रॅम. बाईंनी आकडा लिहून घेतला आणि इंजिनबाई ज्या वेगाने तिथून निघाल्या तो वेग स्पर्धेत मोजला असता तर पदक तिथेच मिळालं असतं.

मग कपडे. अंगाला घट्ट चिकटणारा एकसंध पोशाख सगळ्यांनाच सक्तीचा. सुनेचा जास्तीचा होता, तो चढवायला दोघींना मिळून पंधरा मिनिटं लागली. इंजिनबाईंनी आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, "हे कापड गरम पाण्यात घातलंस तर संपलं, सांगून ठेवते." पोशाखाबद्दल त्यांचं एवढंच मत होतं. पायांत मुलाचे गुडघ्यापर्यंतचे फुटबॉलचे मोजे. तो प्रेक्षकांत बसला होता, मोज्यांशिवाय.

पहिली फेरी. सर्वांत कमी वजन सांगणारीने आधी यायचं, त्यामुळे इंजिनबाईंचा नंबर पहिला. दांडीवर साठ किलो. त्या आल्या, वाकल्या, दांडी धरली आणि उचलली. काही त्रास नाही, काही आवाज नाही. हॉलमध्ये कोणी तरी शिट्टी मारली.

आणि इंजिनबाई चालू लागल्या.

साठ किलोची दांडी हातात घेऊन त्या डावीकडे वळल्या आणि चार पावलं गेल्या. बाजूच्या पंचाने खुर्चीसकट पाय मागे ओढले. त्याच्यासमोर थांबून इंजिनबाईंनी सभ्यपणे विचारलं, "कुठे ठेवू?"

अख्खा हॉल फुटला. माणसं खुर्च्यांवर थापा मारून हसत होती. तीन लाल दिवे लागले. उचल बाद.

बसड्रायव्हर बाईंनी एकशे वीस उचलले. सुनेने दीडशे, आणि उचलताना तिचं लक्ष दांडीपेक्षा सासूकडेच जास्त होतं.

"आई, पाय हलवायचे नाहीत," दुसऱ्या फेरीआधी सून काकुळतीला येऊन म्हणाली. इंजिनबाईंचा चेहरा लालबुंद होता. आयुष्यभर त्या दुसऱ्यांना हसत आल्या होत्या, आज पहिल्यांदा चारशे माणसं त्यांना हसली होती. "नाही हलवत," त्या म्हणाल्या.

दुसऱ्यांदा दांडी वर आली. पाय जमिनीला रोवलेले. इंजिनबाई उभ्या. समोरचा पंच हातातल्या पाटीवरून त्यांच्याकडे पाहत होता आणि पाहता पाहता, सवयीने, त्याने पेन पाटीवर वाजवलं. ठकठक.

इंजिनबाईंनी दांडी धाडकन खाली ठेवली आणि वळून चालायला लागल्या. पंचाचा हात वरच होता. पुन्हा तीन लाल दिवे.

बसड्रायव्हर बाई एकशे तीस. सून एकशे सत्तर. सून आता चाळीस किलोंनी पुढे होती आणि त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

पडद्यामागे इंजिनबाई बाकावर बसल्या होत्या.

"तो पेन वाजवतो गं," त्या म्हणाल्या.

"कोण?"

मग त्यांनी सांगितलं. काचेची खोली, ठकठक, पहिल्या महिन्यातला अर्धा दिवस. मुलाला कधी सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. "हात भरलेले असले की मला उभं राहताच येत नाही. पाठीला वाटतं आता वाजेल. मी वाट लावली तुझी."

सून त्यांच्यासमोर खाली बसली. तिने त्यांचे दोन्ही हात धरले. "आई, उचलता तर सगळ्यांनाच येतं. तुम्हाला तर माझ्याहून आधीपासून येतं. इथे पैसे उभं राहण्याचे आहेत. तुम्ही उचलून उभ्या राहिलेल्या बघायला ते तिघं बसलेत. कुठेच न्यायचं नाहीये हो. कोणाचंच नाहीये ते."

इंजिनबाईंनी हात सोडवून घेतले आणि मुलाचे मोजे गुडघ्यापर्यंत वर ओढले.

तिसरी फेरी. त्या आल्या तेव्हा हॉल हसायच्या तयारीतच होता. मागे कोणी तरी ओरडलं, "मावशी, इकडे आणून ठेवा!" इंजिनबाईंनी त्या दिशेला एक नजर टाकली आणि ओरडणारा गप्प बसला.

वाकल्या. धरली. दांडी वर आली, मांड्यांना टेकली. खांदे मागे गेले. इंजिनबाई ताठ उभ्या राहिल्या.

पंचाने पेन वाजवलं.

त्यांच्या टाचा उचलल्या गेल्यासारख्या वाटल्या. पडद्याआड सुनेने तोंडावर हात ठेवला. पण इंजिनबाईंनी मान वर केली, सरळ त्या पंचाच्या डोळ्यांत पाहिलं आणि उभ्या राहिल्या. चारशे माणसं बघत होती. चौतीस वर्षांत पाच जिन्यांवर त्यांना उचलताना एकानेही थांबून पाहिलं नव्हतं, आणि आज कोणाला त्यांच्याकडून काहीच नको होतं, फक्त बघायचं होतं. एकही चादर वाळवायची नव्हती. त्यांना रडू येत होतं आणि त्यांनी ते येऊ दिलं.

पंचाचा हात खाली आला. "डाउन."

इंजिनबाई हलल्या नाहीत.

"डाउन, बाई! झालं! ठेवा आता!"

"ऐकलं," इंजिनबाई म्हणाल्या. "जरा उभी राहू द्या."

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. तीन पांढरे दिवे लागले, आणि मग त्यांनी दांडी सावकाश, जिथून उचलली होती बरोबर तिथेच, परत ठेवली.

पडद्यामागे सून ओक्साबोक्शी रडत होती. तिकडून माईकवर तिच्या तिसऱ्या उचलीचं वजन विचारत होते आणि ती काही सांगायच्या अवस्थेत नव्हती. एका स्वयंसेवकाने इंजिनबाईंसाठी धावत खुर्ची आणली. त्यांनी ती बाजूला सारली, सुनेच्या कमरेचा पट्टा घट्ट केला आणि तिला पुढे ढकललं.

"जा. आता तुला उचलायचे पैसे मिळणार आहेत, जरा रुबाबात उचल. मी आहे इथे उभी."